आक्रमक परकीय प्रजाती आणि गावाचा निर्णयाधिकार : महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

विषय : आक्रमक परकीय प्रजातींच्या नियंत्रणात स्थानिक लोकांचा सहभाग

सन्माननीय महोदय / महोदया,

घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, वेडी बाभूळ आणि जलपर्णी या परदेशातून येऊन बेसुमार पसरलेल्या वनस्पती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना, गुराख्यांना आणि मच्छीमारांना चांगल्या ठाऊक आहेत. कोणती कुठून पसरत आली, कोणत्या कुरणात आधी दिसली, तिच्यामुळे कोणते गवत मागे हटले, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्या काढायच्या कशा, कोठून सुरुवात करायची आणि काढल्यावर त्या जागी काय वाढू द्यायचे, हे मात्र त्यांना आजवर फारसे कोणी विचारलेले नाही. मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आणि माझ्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने हे पत्र लिहीत आहे, आणि या विचारण्याची रीत आपल्या मंडळाने राज्यभर घालून द्यावी, ही माझी मूळ मागणी आहे.

हा विषय आता केवळ वनस्पतिशास्त्राच्या वर्गापुरता राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे मान्य झालेल्या जागतिक जैवविविधता आराखड्यात २०३० पर्यंत आक्रमक परकीय प्रजातींचा नव्याने होणारा शिरकाव आणि बस्तान निदान निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट आहे आणि भारताने ते स्वीकारले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाच्या (IPBES) अहवालाने जगभरात माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांहून अधिक प्रजातींची नोंद घेतली असून त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक अपायकारक ठरल्या आहेत. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने ६२-अ हे कलम आले आणि अशा प्रजातींची आयात, व्यापार, ताबा व प्रसार यांवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. कायद्याची बाजू हळूहळू भक्कम होत आहे. उणीव आहे ती बांधावर, कुरणात आणि तलावाच्या काठावर.

सध्या लोकसहभागाचे जे स्वरूप प्रचलित आहे, ते गाजरगवताच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ही वनस्पती १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आली आणि तेथून देशभर पसरली. आयात केलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका झाडाला हजारो बिया येतात आणि वारा, पाणी, वाहनांची चाके, मुरूम व माती यांबरोबर त्या दूरवर जातात. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. हेतू चांगला आहे, पण आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात उगवलेले रोप ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलावर आलेले असते. त्या वेळी विद्यार्थ्यांच्या रांगा उभ्या करून ते उपटायला लावले, तर बी जमिनीवर सांडते आणि मुलांच्या हातांना, मानेला, डोळ्यांना त्रास होतो. गाजरगवताच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह आणि परागकणांमुळे बळावणारा दमा ही वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध गोष्ट आहे. तरीही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांशिवाय मुलांना या कामाला लावल्याची छायाचित्रे दर पावसाळ्यात प्रसिद्ध होतात. हेच काम जूनअखेर ते जुलै या दिवसांत, रोप लहान आणि माती ओली असताना, मोठ्या माणसांनी केले, तर कष्ट निम्म्यावर येतात आणि त्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण तो आपल्या पिकातले तण फुलावर येण्याची वाट कधीच पाहत नाही. वेळापत्रक ठरवताना त्याला विचारले असते, तर तारीख वेगळी ठरली असती.

याच गाजरगवतावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात बंगळूरमार्गे भारतात आणून सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने खाऊन झाडे खुरटवून टाकतो. शेतकऱ्याने त्याला ओळखले नाही, तर पिकावरची कीड समजून फवारणीत तो मारला जाईल. हा भुंगा दाखवण्यासाठी एक रंगीत चित्र आणि कृषी सहायकाची एक सकाळ पुरेशी आहे. तज्ज्ञांनी केलेले काम लोकांपर्यंत न पोहोचल्यामुळे वाया जाण्याची जी उदाहरणे आहेत, त्यांत मला हे सर्वांत खटकते.

आता घाणेरीकडे वळतो, कारण आपल्या राज्यातल्या जंगलांचे सर्वाधिक नुकसान तिने केले आहे, असे माझे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, देशातील व्याघ्रक्षेत्रांतल्या सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात पसरले आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याइतके भरते. घाणेरीच्या जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नसले की चितळ आणि सांबर यांचे, तसेच गावच्या गुरांचे खाद्य जाते, आणि मग गुरे जंगलात आणखी आत जातात, हरणे शेतात उतरतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या व वाघ. वाघ–माणूस संघर्षाची चर्चा करताना या झुडपाचे नाव क्वचितच घेतले जाते, याचे मला आश्चर्य वाटते.

घाणेरी नुसती कापली तर ती पहिल्यापेक्षा दाट फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर, फुटवे येणाऱ्या भागाच्या खाली तोडावे लागते आणि झाड उलटे करून ठेवावे लागते, म्हणजे मुळांना माती मिळत नाही. ही पद्धत देशातल्या अनेक संरक्षित जंगलांत वापरली गेली आहे. ती यंत्राने साधत नाही. त्याला कुदळ, सराव आणि लक्ष लागते. त्यानंतरही बुलबुलांनी आणलेल्या आणि मातीत आधीच दडलेल्या बियांतून पुढच्या पावसाळ्यात रोपे उगवतातच, त्यामुळे निदान दोन-तीन पावसाळे त्याच जागेवर परतून जावे लागते. मोकळी झालेली जमीन उघडी ठेवली, तर तिथे पुन्हा घाणेरी येते, नाहीतर रानमोडी येते. म्हणून पवन्या, मारवेल, शेडा अशा स्थानिक गवतांचे बी तिथे वेळेत पडले पाहिजे. आता विचार करावा, की एका आर्थिक वर्षात सुरू होऊन मार्चअखेर बिल निघणाऱ्या कंत्राटात यातले काय बसते? कंत्राटदाराला मोजून दिली जाते ती साफ केलेली हेक्टर जमीन किंवा उचललेले टन. तिसऱ्या पावसाळ्यात त्या जमिनीवर काय उभे आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

म्हणून माझी पहिली विनंती पैशासंबंधी आहे. वनक्षेत्रात किंवा गायरानावर आक्रमक वनस्पती काढण्याचे काम त्या गावच्या ग्रामसभेला, बचत गटाला किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समितीला निदान तीन वर्षांसाठी द्यावे आणि मोबदल्याचा मोठा भाग जागा स्वच्छ राहिल्यावर, गवत उभे राहिल्यावर द्यावा. जो माणूस रोज त्याच वाटेने गुरे नेतो, त्याला उगवलेले रोप दिसते आणि तो ते जाता जाता उपटतो. बाहेरून आलेल्या मजुरांच्या टोळीकडून ही अपेक्षा करता येणार नाही. गडचिरोली, अमरावती आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेला जंगलाच्या व्यवस्थापनाचा अधिकार कायद्यानेच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला, त्याला आता दीड दशक उलटून गेले. अशा गावांच्या व्यवस्थापन आराखड्यांत आक्रमक वनस्पतींसाठी स्वतंत्र निधी असावा, यासाठी मंडळाने आदिवासी विकास आणि वन या दोन्ही विभागांकडे आग्रह धरावा.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कर्नाटकात मलै महादेश्वर टेकड्यांच्या परिसरात सोलिग व इतर समाजांतील कारागीर घाणेरीच्या फांद्यांपासून टिकाऊ फर्निचर करतात; आपल्याकडेही जलपर्णीच्या टोपल्या आणि वेडी बाभळीचा कोळसा यांचे प्रयोग होत असतात. या कामांतून रोजगार मिळतो आणि त्याचे मला कौतुक आहे. मात्र, ज्या वनस्पतीवर घर चालते ती संपावी असे कोणाला वाटणार, हा प्रश्न टाळता येत नाही. फर्निचरला लागतात त्या निवडक जाडीच्या फांद्या. मूळ जमिनीतच राहते. म्हणून अशा उद्योगांना मदत करताना मोबदला मालावर न ठेवता मोकळ्या झालेल्या जमिनीवर ठेवावा, आणि त्याच कुटुंबांना पुढे चारा, बियाणे किंवा मध यांतून उत्पन्न मिळेल अशी सोय आधीच विचारात घ्यावी.

सोलिगांचे आणखी एक म्हणणे मला फार मोलाचे वाटते. कर्नाटकातल्याच बिळिगिरी रंगन टेकड्यांना १९७४ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाल्यावर त्यांची पालापाचोळ्याला ठरावीक हंगामात लावायची हलकी आग बंद झाली आणि त्यानंतर घाणेरी बेसुमार वाढली, असे तिथले जाणते लोक सांगत आले. संशोधकांनी त्यांच्याबरोबर बसून हे म्हणणे नोंदवले आणि पडताळून पाहिले. वणव्यांनी सह्याद्रीची दरवर्षी होणारी हानी पाहता आपल्याकडे आग लावावी असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु जंगल कसे बदलले याची कारणमीमांसा स्थानिक माणसाकडे असू शकते, आणि ती ऐकल्यावर संशोधनाचा प्रश्नच बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. मेळघाटातल्या कोरकूंना, सह्याद्रीतल्या धनगरांना आणि सोलापूर-नगरच्या माळरानांवरच्या मेंढपाळांना हा प्रश्न कोणी पद्धतशीरपणे विचारला आहे का? वेडी बाभूळ माळढोकाच्या माळरानात कशी शिरली, हे मेंढपाळाइतके जवळून पाहणारा दुसरा कोण असेल?

जलपर्णीच्या बाबतीत लोकांचा सहभाग निराळ्या प्रकारचा हवा. मुळा-मुठा, पवना, पंचगंगा, उजनीचा फुगवटा, शहरांतले तलाव, सगळीकडे उन्हाळ्याच्या तोंडावर निविदा निघते, यंत्रे येतात, काठावर ढीग लागतात आणि पहिल्या पावसात त्यातले बरेचसे परत पाण्यात जाते. अनुकूल स्थितीत जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी तळाच्या गाळात अनेक वर्षे तग धरते. तिला खाद्य पुरवते ते शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी. ते सुरू ठेवून नागरिकांना नदीत उतरवून जलपर्णी काढायला लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नागरिकांनी इथे करायचे काम आहे ते नाल्यांवर नजर ठेवण्याचे, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या नोंदी मागण्याचे आणि प्रभाग समितीत प्रश्न विचारण्याचे. त्यासाठी प्रत्येक नदीकाठच्या महापालिकेने आपल्या केंद्रांची दैनंदिन आकडेवारी मराठीतून जाहीर करावी, असे पत्र मंडळाने पाठवावे. सांडपाण्याच्या निर्णयात काहीच अधिकार नसलेल्या माणसाला फक्त श्रमदानासाठी बोलावणे मला अन्यायाचे वाटते.

उजनीचाच विषय निघाला म्हणून माशांबद्दल. चिलापी हा मासा भारतात १९५२ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी आणला गेला आणि आज भीमा खोऱ्यातल्या असंख्य कुटुंबांची चूल त्यावर पेटते. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, तरी तो पुढे कित्येक वर्षे छुप्या तळ्यांतून वाढवला जात राहिला. अलीकडे शोभेच्या टाकीतून सुटलेला, अंगावर कठीण खवल्यांचे कवच असलेला सकर मासा जाळ्यात येऊ लागला आहे. त्याला भाव नाही आणि त्याने जाळी फाटतात. या तिघांना एकच नियम लावता येणार नाही. चिलापी घालवा असे मच्छीमाराला सांगणारा अधिकारी त्याच्या उद्याच्या भाकरीची काय व्यवस्था करणार आहे? सकर माशाबाबत मात्र मच्छीमार आपणहून मदत करतील, कारण तो त्यांचाच शत्रू आहे. जाळ्यात आलेला असा मासा परत पाण्यात न टाकता काठावर जमा करण्यासाठी किलोमागे थोडी रक्कम आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळाली, तर कोणत्या खाडीत तो किती आहे याची खरी नोंद मत्स्यव्यवसाय विभागाला घरबसल्या मिळेल.

टाकीतले मासे आणि लाल कानाची कासवे तलावात सोडणारी माणसे बहुधा दयेपोटी तसे करतात. मोठ्या झालेल्या जिवाला मारवत नाही आणि घरात ठेवता येत नाही. त्यांना दंडाची भीती घालण्याआधी असा प्राणी आणून देण्याची जागा प्रत्येक मोठ्या शहरात हवी आणि तिची माहिती ज्या दुकानातून तो विकला गेला, तिथेच विक्रीच्या वेळी द्यायला हवी. रोपवाटिकांच्या बाबतीतही हेच लागू आहे.

आणि सरकारी वृक्षारोपणाचे काय? पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, राज्यभर सुबाभूळ, माळरानांवर वेडी बाभूळ हे लोकांनी आपल्या मनाने लावलेले नाही. त्या काळी सरपण, चारा आणि हिरवाई यांची गरज होती आणि त्या वेळच्या अधिकाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, हे मी मान्य करतो. पण आज ज्या गावकऱ्याला आपण परकीय झाडे काढ म्हणून सांगतो, त्याच्याच गायरानावर रोपलागवडीच्या उद्दिष्टपूर्तीसाठी पुन्हा तीच रोपे आली, तर तो आपले का ऐकेल? वन, सामाजिक वनीकरण, रस्ते आणि जलसंधारण या विभागांच्या रोपवाटिकांतील रोपांची यादी दरवर्षी लागवडीपूर्वी जाहीर व्हावी आणि गावच्या जैवविविधता समितीची लेखी संमती असल्याशिवाय त्या गावात लागवड होऊ नये. माझ्या दृष्टीने या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची मागणी आहे, कारण विश्वास इथूनच सुरू होतो.

गावांत बोलताना एक शंका हमखास येते : मिरची, बटाटा, टोमॅटोही परदेशातूनच आले, मग यांच्यावरच राग का? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सरळ द्यावे. बाहेरून आलेले सगळेच वाईट नसते. मिरची शेताबाहेर जाऊन जंगल गिळत नाही. शिवाय ज्या झाडांना आपण आक्रमक म्हणतो त्यांचाही लोकांना उपयोग असतो. रानमोडीचा पाला जखमेवर चोळतात, घाणेरीच्या काटक्या चुलीत जातात, सुबाभळीचा पाला शेळ्या खातात. हे ऐकून घेतल्यावरच कोणती वनस्पती कुठून काढायची आणि कुठे तूर्त राहू द्यायची, याचा निर्णय शहाणपणाने होईल. तीव्र उतारावरची रानमोडी एकदम उपटली, तर पावसात माती वाहून जाते, हे डोंगरकुशीतल्या माणसाला सांगावे लागत नाही.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे आणि राज्यात अशा सुमारे २८ हजार समित्या स्थापन झाल्या आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावच्या जैवसंपत्तीच्या आणि तिच्याविषयीच्या स्थानिक माहितीच्या नोंदी, घाईने पूर्ण झाल्या. अनेक ठिकाणी त्या बाहेरच्या संस्थांनी भरल्या आणि कपाटात गेल्या. या नोंदवह्यांत आक्रमक प्रजातींचे स्वतंत्र पान जोडून ते दरवर्षी गावानेच भरावे : कोणती वनस्पती किंवा प्राणी, शिवारात कोठे, प्रथम कधी दिसला, कोणी पाहिला, काय केले. नवी प्रजाती दिसल्यास फोटो पाठवण्यासाठी एक क्रमांक असावा आणि पाठवणाऱ्याला आठवड्याच्या आत मराठीत उत्तर मिळावे, मग ती प्रजाती निरुपद्रवी का असेना. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा कळवत नाही. लातूर भागात २०२२ च्या खरिपात गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केली, तेव्हा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर ठेवून सकाळी गोळा झालेल्या गोगलगायी नष्ट करण्याचा सल्ला देण्यात आला. एकट्याने हे करून उपयोग नसतो. शेजारच्या रानातून त्या पुन्हा येतात. सारे गाव एकाच आठवड्यात उतरले तरच गुण येतो. आधीच्या हंगामात दिसलेल्या पहिल्या काही गोगलगायींची नोंद कुठे झाली असती आणि कोणी तिची दखल घेतली असती, तर त्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली नसती.

या सगळ्याला वेळेची मर्यादा आहे, म्हणून शेवटी एक निश्चित विनंती करतो. १ मे रोजी राज्यभर ग्रामसभा होतात. त्या सभांच्या विषयपत्रिकेवर गावातल्या आक्रमक प्रजाती हा विषय घ्यावा, असे परिपत्रक मंडळाने ग्रामविकास विभागामार्फत मार्चअखेरपर्यंत काढावे; त्याबरोबर त्या जिल्ह्यात आढळणाऱ्या प्रजातींची स्थानिक नावे आणि चित्रे असलेले एक पान जोडावे. ग्रामसभेने एकच प्रजाती आणि एकच जागा निवडावी आणि तीन वर्षांची जबाबदारी कोण घेणार हे ठरावात नावानिशी लिहावे. पहिला पाऊस जूनमध्ये पडेल, माती भिजेल, तेव्हा काम सुरू करण्यासाठी निधी तालुक्यापर्यंत पोहोचलेला असावा. यातले काय शक्य आहे आणि काय नाही, याचे लेखी उत्तर आपण सर्व समित्यांना कळवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
ग्राम जैवविविधता व्यवस्थापन समितीचा एक सदस्य
जिल्हा सातारा